अहवाल सादर झाल्यानंतर काय होतं, तेही शिकवा: अभ्यास मंडळांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या राज्यशास्त्र, इतिहास आणि विधी अभ्यास मंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमांची जुळवाजुळव सुरू होण्याआधी एका विषयाबद्दल आपल्याशी उघडपणे बोलायचं आहे. विषय आहे संक्रमणकालीन न्याय. हुकूमशाही, वंशभेदी राजवट, यादवी किंवा मोठा हिंसाचार मागे टाकून समाज पुढे निघतो, तेव्हा झालेल्या अत्याचारांचा हिशेब कसा करायचा, याचा हा अभ्यास. मी पदव्युत्तर वर्गाला मानवी हक्क शिकवते. माझ्या पेपरात हा विषय एका घटकाच्या कोपऱ्यात, मोजक्या तासिकांत उरकावा लागतो. खटले, सत्य आयोग, भरपाई, संस्थांमधली सुधारणा या चार यंत्रणा, प्रत्येकीचे फायदे-तोटे, आणि उदाहरणादाखल दक्षिण आफ्रिका. मुलं हे सगळं पाठ करतात. त्यांच्या उत्तरपत्रिकेत दक्षिण आफ्रिकेची गोष्ट ऑक्टोबर 1998 मध्ये संपते. आर्चबिशप डेस्मंड टुटू सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल नेल्सन मंडेलांच्या हाती देतात, आणि देशात सलोखा झाला असं शेवटचं वाक्य येतं.

माझं म्हणणं असं की हा विषय त्या दिवसापासून पुढे शिकवला पाहिजे. अहवाल आला, मग काय झालं? खटले उभे राहिले का, पैसे मिळाले का, बेपत्ता माणसं सापडली का, दोषी ठरलेले अधिकारी कुठे गेले? या प्रश्नांची उत्तरं शोधताना यंत्रणाही कळतात आणि त्यांच्यावरची टीकाही कळते. नुसती व्याख्या घोकून यांतलं काहीच हाती लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेचंच घ्या. पूर्व केप प्रांतात क्रॅडॉक हे जुनं नाव असलेलं गाव आहे. मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोंतो आणि सिसेलो म्हलाउली हे चौघं वंशभेदविरोधी कार्यकर्ते 27 जून 1985 च्या रात्री पोर्ट एलिझाबेथहून परतत होते. सुरक्षा पोलिसांनी त्यांची गाडी अडवली, चौघांना ठार मारलं, मृतदेह जाळले. फोर्ट कलाटांची पत्नी नोमोंडे तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि गरोदर होती. एप्रिल 1996 मध्ये ईस्ट लंडन शहरात आयोगाच्या पहिल्याच सुनावण्यांत तिने साक्ष दिली. ती घरोघरी वर्तमानपत्र टाकायची. त्या दिवशीच्या अंकात जळलेल्या गाडीचा फोटो होता, आणि ही बाबांची गाडी आहे हे तिच्या मुलीने ओळखलं. हे सांगता सांगता नोमोंडेने मागे झुकून जो टाहो फोडला, तो त्या देशातल्या लोकांच्या कानांत अजून आहे. कामकाज थांबवावं लागलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा टुटूंनी 'सेन्झेनी ना' हे आंदोलनातलं गाणं धरलं, आणि सारं सभागृह ते गाऊ लागलं. 'आम्ही असं काय केलं?' असा त्याचा अर्थ.

आपल्या पाठ्यपुस्तकांना ही सुनावणी आवडते. तिच्यापुढची तीस वर्षं मात्र त्यांत येत नाहीत.

आयोगाचा पाया होता 1995 चा कायदा. माफी हवी असेल तर गुन्हेगाराने पुढे यायचं, संपूर्ण सत्य सांगायचं, आणि कृत्य राजकीय हेतूने केलं होतं हे पटवून द्यायचं. पश्चात्तापाची अट नव्हती. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते चमकतात, कारण त्यांच्या मनात माफी म्हणजे डोळ्यांत पाणी. कायद्याला सत्य हवं होतं, पश्चात्ताप त्याने मागितलाच नव्हता. या माफीविरुद्ध पोलीस कोठडीत मारले गेलेले कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही पीडित घटनात्मक न्यायालयात गेले आणि 1996 मध्ये हरले. न्यायालयाने व्यवहार मान्य केला: जो सत्य सांगेल त्याला माफी. उरलेली बाजू त्यात गृहीतच होती, की जो सांगणार नाही त्याच्यावर खटला. एकूण 7,112 अर्ज आले. त्यांतले कितीतरी राजकारणाशी संबंध नसलेल्या, तुरुंगात असलेल्या साध्या गुन्हेगारांचे होते. 849 जणांना माफी मिळाली, 5,392 अर्ज फेटाळले गेले.

क्रॅडॉकच्या चौघांच्या हत्येत सहा पोलिसांनी माफी मागितली. संपूर्ण सत्य सांगितलं नाही म्हणून 1999 च्या डिसेंबरात ती नाकारली गेली. आयोगाने अशी सुमारे तीनशे प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली होती. त्यांतली जवळपास सगळी तशीच पडून राहिली. हे सहाही पोलीस एकेक करून मरण पावले, एकावरही खटला उभा राहिला नाही. वडील गेले तेव्हा तीन वर्षांचा असलेला लुखान्यो कलाटा पुढे पत्रकार झाला. जानेवारी 2025 मध्ये तो आणि इतर कुटुंबं राष्ट्राध्यक्षांविरुद्ध न्यायालयात गेली. आरोप असा की सत्तेवर आलेल्या मुक्तिलढ्याच्या सरकारांनीच हे खटले राजकीय हस्तक्षेप करून दाबले. त्यानंतर मे 2025 मध्ये माजी न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. म्हणजे सत्य आयोगाच्या शिफारशींचं काय झालं हे शोधायला आणखी एक आयोग. त्याच वर्षी जूनमध्ये क्रॅडॉक प्रकरणाची तिसरी न्यायालयीन मृत्यू-चौकशी सुरू झाली. पहिली 1987 ची, तिने 'अज्ञात व्यक्ती' म्हणून हात झटकले. दुसरीने 1994 मध्ये सुरक्षा दलांना जबाबदार धरलं, पण नाव एकाचंही घेतलं नाही. तिसऱ्या चौकशीत नोमोंडे पुन्हा साक्षीला उभी राहिली.

ही गोष्ट सांगितली की विद्यार्थी आपणहून टीकेपर्यंत पोचतात. मग त्यांना राज्यशास्त्रज्ञ महमूद ममदानींचा आक्षेप समजावून सांगायला वेळ लागत नाही. आयोगाने पीडित कोणाला म्हटलं? ज्याचा खून, छळ किंवा अपहरण झालं, किंवा ज्याला क्रूर वागणूक मिळाली त्याला. अशा सुमारे एकवीस-बावीस हजार लोकांचे जबाब नोंदले गेले. पण वंशभेद म्हणजे काही पोलिसांचे छुपे गुन्हे नव्हते, तो देशाचा उघड कायदा होता. पासबुक, म्हणजे कृष्णवर्णीयांना सक्तीचा असलेला परवाना, जवळ नाही म्हणून रोज तुरुंगात जाणारी माणसं, घरादारातून उचलून दूरच्या ओसाड वस्त्यांत नेऊन टाकलेली सुमारे पस्तीस लाख माणसं या व्याख्येत पीडित ठरली नाहीत. आणि ज्यांच्या हाती जमीन, खाणी, चांगल्या शाळा आल्या, ते गुन्हेगार नव्हते म्हणून त्यांना काहीच विचारलं गेलं नाही. अत्याचार करणारा आणि अत्याचारामुळे लाभ झालेला, यांतल्या दुसऱ्याचं काय करायचं? जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न कोणत्याही परदेशी ग्रंथाविना कळतो. वर्गात या तासाला जितके हात वर होतात तितके इतर कुठल्याही तासाला होत नाहीत.

भरपाईचंही तसंच. सहा वर्षं दर वर्षी काही रक्कम द्यावी, अशी आयोगाची शिफारस होती. सरकारने एकदाच 30,000 रॅंड दिले, तेही 2003 उजाडल्यावर. उद्योगांवर आणि श्रीमंतांवर कर लावण्याची सूचना बाजूला सारली गेली. पीडितांसाठीच्या राष्ट्राध्यक्ष निधीत अब्जाहून अधिक रॅंड आजही पडून आहेत. स्त्रियांच्या बाबतीत वेगळीच गोष्ट लक्षात आली: बायका साक्षीला येत, पण नवऱ्यावर आणि मुलावर काय गुदरलं ते सांगत, स्वतःवर काय गुदरलं ते नाही. म्हणून आयोगाला त्यांच्यासाठी वेगळ्या सुनावण्या घ्याव्या लागल्या. विचारण्याची पद्धत बदलली तर सत्यही बदलतं, ही संशोधनपद्धतीची शिकवण त्यात आहे. ती कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल.

माझा सूर सगळं फोल आहे असा लागू नये, म्हणून अर्जेंटिनाही शिकवावा. तिथे 1983 मध्ये लष्करशाही गेली, बेपत्ता व्यक्तींच्या आयोगाने 8,960 नावं नोंदवली, 1985 मध्ये थेट लष्करी राज्यकर्त्यांवर खटला चालला. मग लष्कराच्या दबावाखाली 1986 आणि 1987 मध्ये खटले थांबवणारे दोन कायदे झाले, पुढे माफ्याही मिळाल्या. प्लाझा दे मायो चौकात डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी फेरी घालणाऱ्या, बेपत्तांच्या आयांनी मात्र चौक सोडला नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरवले, आणि तेव्हापासून हजाराहून अधिक जण दोषी ठरले आहेत. बेपत्तांच्या मुलांना शोधणाऱ्या आज्यांनी जनुकीय चाचणीचा आधार घेतला आणि कैदेत जन्मलेली किंवा आईवडिलांसोबत पळवलेली, दुसऱ्यांच्या घरी वाढलेली सुमारे 140 नातवंडं शोधून काढली. दार बंद झालं तरी ते पुन्हा उघडता येतं, हे यातून दिसतं. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर गावपातळीवरच्या गाचाचा न्यायालयांनी दहा लाखांहून अधिक प्रकरणं हातावेगळी केली, पण जिंकलेल्या पक्षाच्या सैनिकांचे गुन्हे त्यांच्यापुढे कधी आलेच नाहीत. जेत्याचा न्याय म्हणजे काय, ते इथे एका वाक्यात सांगता येतं.

आता आपल्या घरचं.

मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये ज्या दंगली झाल्या, त्यांच्या चौकशीसाठी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. 23 जानेवारी 1996 रोजी राज्य सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांचा विषय जोडून पुन्हा सुरू केला. 16 फेब्रुवारी 1998 रोजी अहवाल आला. 900 मृत्यू: 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 अनोळखी, 5 इतर. आयोगाने शहर पोलीस ठाण्यांनुसार वाटून घेतलं आणि एकेका ठाण्याच्या हद्दीत कोणत्या दिवशी काय घडलं, पोलिसांनी काय केलं, काय केलं नाही, ते लिहिलं. 31 पोलिसांवर त्याने नावानिशी ठपका ठेवला. मुंबईत वाढलेला विद्यार्थी हा अहवाल वाचतो तेव्हा आधी आपल्या घराजवळचं ठाणं शोधतो. मग बराच वेळ काही बोलत नाही.

ऑगस्टमध्ये अहवाल कृती-अहवालासह विधिमंडळात मांडला गेला, आणि सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष अमान्य केले. तसं करता येतं, कारण 1952 च्या चौकशी आयोग कायद्यानुसार शिफारशी बंधनकारक नसतात. शेजारी दुसरा आकडा ठेवा: बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवलं. स्फोटात 257 माणसं गेली, तिथे शिक्षा व्हायलाच हवी होती. दंगलीच्या खटल्यांत मात्र शिक्षा झालेले मोजकेच. एकाच शहरातल्या, काही आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन गुन्ह्यांच्या वाट्याला न्याययंत्रणेचा एवढा वेगळा वेग का आला, यावर प्रबंध व्हायला हवेत. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासन कर्तव्यात कमी पडलं असं म्हटलं. 168 बेपत्ता माणसांपैकी 60 जणांच्या वारसांनाच भरपाई मिळाली होती, उरलेल्या 108 कुटुंबांचा शोध घ्यायला न्यायालयाने सांगितलं. तीस वर्षं उलटल्यावर पत्ता बदललेल्या, वारस विखुरलेल्या घरांचा शोध. मुंबईचे हे बेपत्ता आणि ब्युनोस आयरिसचे बेपत्ता एका तासिकेत शेजारी का ठेवू नयेत?

काही सहकारी म्हणतात, मुंबईत राजवट बदलली नाही, मग हे संक्रमण कसलं? आक्षेप गंभीर आहे आणि तो अभ्यासक्रमातच असावा. कॅनडातही राजवट बदलली नव्हती. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या अत्याचारांसाठी तिथे 2008 ते 2015 सत्य आयोग चालला आणि त्याने 94 कृतिसूचना दिल्या. स्थिर लोकशाहीत या यंत्रणा लागू पडतात का, की लोकशाही आहे म्हणून त्यांची गरजच नाही असं मानून आपण मोकळे होतो, हा आजचा जिवंत वाद आहे.

ज्यांना राजवट बदललेलंच उदाहरण हवं, त्यांच्यासाठी ते मराठवाड्यात आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. रझाकारांनी गावोगावी खंडणी वसूल केली, न देणाऱ्यांना लुटलं, माणसं मारली. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना त्यांनी ठार केलं, कारण हा मुस्लिम पत्रकार भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, सुटकेनंतर तो पाकिस्तानात गेला. ही एक बाजू. हिचं स्मरण आपण दर वर्षी करतो, आणि ते योग्यच आहे.

दुसरी बाजू पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. पोलीस अॅक्शनच्या, म्हणजे हैदराबादवरच्या भारतीय लष्करी कारवाईच्या, काळात आणि त्यानंतर मुस्लिमांवर झालेल्या सूडाच्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्राने ही समिती 1948 च्या अखेरीस पाठवली. किमान 27 ते 40 हजार माणसं गेली, असा तिचा अंदाज. हा आकडा वादाचा आहे, तो वादही शिकवावा. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्यांतले दोन आज महाराष्ट्रात आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, आणि तिथली कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असं समितीने नोंदवलं. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले. हल्ला करणारे तेवढे अहवालात आले आणि वाचवणारे गळाले, असं समितीने होऊ दिलं नाही.

हा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. 2013 मध्ये दिल्लीतल्या ग्रंथालयात तो सर्वसामान्य अभ्यासकांना पाहायला मिळू लागला, पासष्ट वर्षांनी. दक्षिण आफ्रिकेत अहवाल उघड झाला आणि खटले दडले. मुंबईत अहवाल उघड झाला आणि नाकारला गेला. इथे अहवालच कपाटात राहिला. हे तीन नमुने समोर ठेवले, तर संक्रमणकालीन न्यायावरची बरीचशी टीका विद्यार्थी स्वतःच मांडू लागेल.

रझाकारांच्या अत्याचारांचा आणि नंतरच्या सूडाचा अभ्यास एकत्र केला की मुक्तिसंग्रामाची किंमत कमी होते, अशी भीती मला ठाऊक आहे. ती मला पटत नाही. ज्या पिढीने निजामाशी झुंज दिली तिच्या धैर्याला वस्तुस्थितीची भीती वाटायचं कारण नाही. एका बाजूची कबर मोजायची आणि दुसऱ्या बाजूची नाही, असं करणारा न्याय आपण रवांडात चुकीचा म्हणतो. धाराशिवमध्ये तो बरोबर कसा ठरेल?

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. असा विषय आला की लगेच क्षेत्रकार्याचा प्रकल्प लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीलाच 'त्या वर्षी' काय झालं ते विचारलं. मोबाइल समोर धरलेला. आजी म्हणाली, "तुला मार्कं किती मिळणार याचे?" मग उठून आत गेली. तिचा प्रश्न रास्त होता. दक्षिण आफ्रिकेतल्या पीडितांचीही हीच तक्रार राहिली आहे की संशोधक येतात, जबाब घेऊन जातात आणि परत काही कळवत नाहीत. म्हणून साक्ष कशी घ्यावी, कधी घेऊच नये, ती कुणाची मालमत्ता, नाव झाकायचं कसं, नकाराचा मान कसा ठेवायचा, हे आधी शिकवावं. तोवर मुलांना लोकांच्या उंबऱ्यावर पाठवू नये. कागदपत्रं भरपूर आहेत, त्यांपासून सुरुवात करता येते.

तर आपल्याकडे मागणं असं. संक्रमणकालीन न्याय हा घटकातला उपमुद्दा न ठेवता चार श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर करावा, आणि तो राज्यशास्त्र, इतिहास व विधी या तिन्ही विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांना घेता यावा. संदर्भग्रंथांच्या यादीत मूळ कागद असावेत: दक्षिण आफ्रिकेच्या सुनावण्यांचे प्रसिद्ध वृत्तांत, श्रीकृष्ण आयोगाची ठाणेनिहाय प्रकरणं, सुंदरलाल समितीचा अहवाल, 2022 चा निकाल. परीक्षेत 'यंत्रणा सांगा' हा प्रश्न बंद करावा. त्याऐवजी एक शिफारस द्यावी आणि तिचं पुढे काय झालं ते शोधून लिहायला सांगावं. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं मराठीतून शिकून आली आहेत, इंग्रजी उतारे त्यांना जड जातात आणि टीकेपर्यंत पोचण्याआधीच ती दमतात. या कागदांतल्या निवडक पानांची मराठी वाचनप्रत आम्ही काही शिक्षक मानधनाविना करून देऊ. ती तपासण्यासाठी मंडळाने इतिहास, विधी आणि भाषा अशा तिघा जाणकारांची समिती नेमावी, म्हणजे एकाच्या कलाने निवड झाली असं कुणाला म्हणता येणार नाही.

हा विषय आपल्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि नकार द्यायचा झाला तर तो कारणांसह लेखी द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
पदव्युत्तर वर्गाला मानवी हक्क शिकवणारी एक प्राध्यापिका